नोटीस म्हणजे निकाल नव्हे

ब्रिटनमध्ये गाडी चालवणाऱ्या मराठी कुटुंबाच्या दारात एक पाकीट येऊन पडते. आत एक कागद असतो. त्यावर गाडीचे दोन फोटो, एक सुपरमार्केटच्या आवारात शिरतानाचा आणि एक बाहेर पडतानाचा. दोन्हींवर वेळ छापलेली, आणि खाली ठळक अक्षरांत रक्कम: १०० पौंड, चौदा दिवसांत भरल्यास ६०. पुण्या-मुंबईत वाहतूक पोलिसांचे ई-चलान फोटोसकट मोबाइलवर येण्याची सवय असलेल्या माणसाला हा कागद ओळखीचा वाटतो. सरकारने दंड केला, पावती फाटली, आता भरण्याशिवाय गत्यंतर नाही, असे तो धरून चालतो. पण हा कागद सरकारने पाठवलेला नसतो आणि तो दंडही नसतो. एका खासगी कंपनीने करारभंगाचा आरोप ठेवून केलेली ती पैशांची मागणी असते. किराणा दुकानदाराने उधारीची चिठ्ठी पाठवावी तितकेच तिचे कायद्यातले वजन. चिठ्ठी खरी असू शकते, खोटीही असू शकते. पण दुकानदाराने लिहिली म्हणून ती आपोआप खरी ठरत नाही. गोंधळ नावापासूनच सुरू होतो. ब्रिटनमध्ये नगरपालिका रस्त्यावरच्या चुकीच्या पार्किंगसाठी जी नोटीस देते तिचे नाव ‘पेनल्टी चार्ज नोटीस’, आणि खासगी कंपनी देते ती ‘पार्किंग चार्ज नोटीस’. आद्याक्षरे दोन्हींची एकच: पीसीएन. पहिलीच्या पाठीशी वाहतुकीचा कायदा आणि स्वतंत्र न्यायाधिकरण असते. दुसरीच्या पाठीशी असतो तो खांबावर लावलेला एक फलक. म्हणून पाकीट फोडल्यावर पाहायची पहिली गोष्ट रक्कम नव्हे, पाठवणाऱ्याचे नाव.

ही व्यवस्था आली कशी, हे समजल्याशिवाय तिला उत्तर कसे द्यायचे ते कळत नाही. २०१२ पर्यंत इंग्लंड आणि वेल्समध्ये खासगी जागेत गाडी लावली तर कंपनी सरळ चाकाला जॅमर ठोकत असे आणि पैसे हातात पडेपर्यंत तो काढत नसे. रात्री-अपरात्री, मुलाबाळांसह अडकलेल्या लोकांकडून वाटेल ती रक्कम उकळली जाई. या अरेरावीविरुद्धच्या तक्रारी इतक्या वाढल्या की संसदेने ‘प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स’ कायदा करून १ ऑक्टोबर २०१२ पासून खासगी जागेत जॅमर लावणे हा गुन्हा ठरवला. स्कॉटलंडमध्ये न्यायालयाच्या निकालामुळे ते आधीच, १९९२ पासून बंद झाले होते. पण जॅमर गेला तर जागेच्या मालकाने बेशिस्त चालकाला आवरायचे कसे? नोटीस पाठवावी तर गाडी कोण चालवत होते हे कंपनीला माहीत नसते, आणि करार झालाच असेल तर तो चालकाशी. ही अडचण सोडवण्यासाठी त्याच कायद्याच्या चौथ्या परिशिष्टाने कंपन्यांना एक नवा अधिकार दिला: ठरावीक अटी पाळल्या तर चालकाऐवजी नोंदणीकृत वाहनधारकाकडून पैसे मागता येतील. जॅमर काढून घेतला आणि बदल्यात हा हक्क दिला, असा तो सौदा होता. हे परिशिष्ट स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडला लागू नाही.

वाहनधारकाचा पत्ता कंपनीला मिळतो तो सरकारी वाहननोंदणी खात्याकडून, म्हणजे डीव्हीएलएकडून. एका नोंदीसाठी कंपनी खात्याला अडीच पौंड देते. त्यासाठी तिला दोन मान्यताप्राप्त व्यवसाय संघटनांपैकी एकीचे सदस्य असावे लागते: ब्रिटिश पार्किंग असोसिएशन किंवा इंटरनॅशनल पार्किंग कम्युनिटी. २०१८-१९ मध्ये कंपन्यांनी अशा सुमारे ६८ लाख नोंदी घेतल्या; २०२३-२४ मध्ये हा आकडा सुमारे १ कोटी २८ लाखांवर गेला. पाच वर्षांत जवळजवळ दुप्पट. या काळात ब्रिटनचे चालक दुपटीने बेशिस्त झाले, असे कोणी म्हणणार नाही. वाढले ते नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे. पूर्वी कोणीतरी माणूस उन्हापावसात फिरून काचेवर चिठ्ठी चिकटवायचा. आता खांबावरचा कॅमेरा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीची वेळ टिपतो आणि पुढचे काम संगणक करतो. आरोप करायला लागणारा खर्च जवळजवळ शून्यावर आला, आणि आरोपाला उत्तर देण्याचा त्रास मात्र सामान्य माणसाच्या माथी तसाच राहिला.

कंपन्यांच्या बाजूचा सर्वांत भक्कम आधार म्हणजे ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाचा ४ नोव्हेंबर २०१५ चा निकाल. एसेक्समधल्या चेम्सफर्ड येथे एका खरेदी संकुलाच्या आवारात दोन तास मोफत पार्किंग होते. बॅरी बीव्हिस या चालकाने एप्रिल २०१३ मध्ये तिथे ५६ मिनिटे जास्त गाडी ठेवली. ‘पार्किंगआय’ कंपनीने ८५ पौंड मागितले. जास्तीच्या ५६ मिनिटांनी कंपनीचे एका पेनीचेही नुकसान झालेले नाही, तेव्हा ८५ पौंड ही भरपाई नसून धाक घालणारी शिक्षा आहे, आणि करारात शिक्षेचे कलम चालत नाही, असा बीव्हिस यांचा युक्तिवाद होता. इंग्लंडमध्ये १९१५ च्या डनलॉप खटल्यापासून चालत आलेला नियम तसाच होता. सात न्यायाधीशांपैकी सहांनी तो युक्तिवाद फेटाळला. नुकसान झाले की नाही एवढाच प्रश्न नाही, असे त्यांनी ठरवले. जागेच्या मालकाचे काही न्याय्य हित जपले जाते आहे का, आणि रक्कम त्या हिताच्या मानाने अवाजवी आहे का, हे पाहायचे. दुकानांसमोरची जागा अडून राहू नये हे न्याय्य हित आहे आणि ८५ पौंड अवाजवी नाहीत, म्हणून बीव्हिस हरले.

‘बीव्हिस हरला, आता लढण्यात अर्थ नाही’ असे त्यानंतर सर्रास म्हटले जाऊ लागले. माझा मुद्दा याच्या नेमका उलट आहे. त्या निकालाने कंपन्यांना कोरा धनादेश दिला नाही. मागणी कशाच्या बळावर उभी राहते ते त्याने दाखवून दिले. त्या आवारात सुमारे वीस फलक होते, मोठ्या अक्षरांत, प्रवेशद्वाराशी आणि आतही. रक्कम स्पष्ट लिहिलेली होती. दोन तास मोफत होते आणि मोबदल्यात वेळेवर निघायचे होते. हे सगळे होते म्हणून करार झाला, असे न्यायालय म्हणाले. यातला एकेक आधार काढून पाहा. फलक एकच असेल, झाडाच्या फांदीआड असेल, रात्री दिव्याविना असेल किंवा रक्कम तळाशी मुंगीच्या अक्षरांत असेल, तर करार झाला कधी? पार्किंगच्या बाबतीत इंग्लंडच्या न्यायालयांनी हा प्रश्न फार पूर्वी विचारलेला आहे. १९७१ च्या थॉर्नटन विरुद्ध शू लेन पार्किंग या खटल्यात लॉर्ड डेनिंग यांनी ठरवले की यंत्रातून तिकीट बाहेर येते तेव्हाच करार पुरा होतो. त्यानंतर आत कुठेतरी भिंतीवर चिकटवलेल्या अटी ग्राहकावर लादता येत नाहीत, आणि अट जितकी जाचक तितकी ती आधी ठसठशीतपणे दाखवली पाहिजे. बीव्हिस निकालाने हे तत्त्व पुसलेले नाही. उलट त्यावरच तो उभा आहे.

भारतीय कायद्याशी तुलना केली की ब्रिटनमधल्या माणसावरची जोखीम अधिक स्पष्ट होते. आपल्या १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात कितीही रक्कम लिहिलेली असली तरी न्यायालय त्या मर्यादेच्या आत ‘वाजवी भरपाई’ ठरवते. म्हणजे शंभर लिहिले असतील तर न्यायालय वीसही देऊ शकते. इंग्लंडच्या कायद्यात हा मधला मार्ग नाही. कलम शिक्षा ठरले तर पूर्ण रद्द. नाही ठरले तर छापील रक्कम पूर्ण लागू. पाच मिनिटे उशीर झालेला आणि पाच तास जागा अडवलेला, दोघांना आकडा एकच. असे असताना चूक झाली की नाही, करार झाला की नाही, एवढीच काय ती छाननी उरते. तीही कोणी मागितली नाही तर फलकावर छापलेला आकडा हाच कायदा होऊन बसतो.

ही छाननी कंपनी स्वतःहून काळजीपूर्वक करेल, अशी आशा धरता येते का? इथे पैसा कोणत्या वाटेने येतो ते पाहावे लागते. चेम्सफर्डच्या आवारात गाड्यांवर लक्ष ठेवण्यासाठी जागामालक कंपनीला पैसे देत नव्हता. उलट कंपनीच मालकाला आठवड्याला १००० पौंड देत होती. तिची कमाई होती ती नियम मोडणाऱ्यांकडून. सगळे चालक शिस्तीने वागले असते तर कंपनीला दर आठवड्याला तोटाच झाला असता. हा कोणा एका कंपनीच्या नीतिमत्तेचा प्रश्न नाही. उत्पन्नाची रचनाच अशी आहे की शंकेचा फायदा चालकाला देण्यात कंपनीचे नुकसान आहे. आणि शंकेच्या जागा भरपूर आहेत. सकाळी दूध घ्यायला आणि संध्याकाळी औषध आणायला एकाच आवारात दोनदा गेलेल्या गाडीचे मधले बाहेर पडणे आणि पुन्हा येणे कॅमेऱ्याने टिपले नाही, तर संगणकाच्या लेखी ती गाडी दिवसभर तिथेच उभी असते. कॅमेरा टिपतो ती शिरण्याची आणि निघण्याची वेळ; त्यात जागा शोधण्यात, फलक वाचण्यात आणि बाहेर पडायच्या रांगेत गेलेली मिनिटे मिसळलेली असतात. पैसे भरायच्या यंत्रावर नंबर टाकताना शून्याऐवजी इंग्रजी ‘ओ’ दाबला गेला तर पैसे भरलेले असूनही संगणकाला ते दिसत नाहीत. मोबाइलला रेंज नसल्यामुळे पाच मिनिटांत पैसे भरता आले नाहीत म्हणून पूर्ण वेळेचे पैसे भरलेल्या चालकांनाही नोटिसा गेल्या, आणि त्यावर इतका गदारोळ उठला की फेब्रुवारी २०२५ मध्ये व्यवसाय संघटनांना आपला नियम बदलावा लागला. बदल स्वागतार्हच आहे. पण लोकांनी न भांडता पैसे भरले असते तर तो झाला नसता.

या टीकेवर पहिला आक्षेप रास्त आहे आणि तो टाळून चालणार नाही. रेल्वे स्थानकाजवळच्या दुकानासमोर नोकरदारांनी सकाळी गाडी लावून दिवसभर शहरात जायचे ठरवले तर दुकानदाराने काय करावे? अपंगांसाठी राखलेल्या जागेत धडधाकट माणसाने गाडी घातली तर? जागा मर्यादित आहे, मालकाचा हक्क खरा आहे आणि नियम मोडण्याला काही किंमत असलीच पाहिजे. हे सगळे मान्य. म्हणून ज्याने फलक वाचला, वेळ संपल्याचे ओळखले आणि तरीही गाडी ठेवली, त्याने पैसे भरावेत. त्याला वाचवण्यासाठी हा लेख नाही. पण मालकाचा हक्क खरा आहे यातून प्रत्येक नोटीस खरी आहे असे निघत नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी दिल्याने चोरी थांबत नाही. उलट ज्या व्यवस्थेत निर्दोष माणसाकडूनही तितकेच पैसे मिळतात, तिला खरा दोषी शोधण्याची गरजच उरत नाही.

मग अशा नोटिशीला उत्तर द्यायचे कसे? मार्ग आरोप तपासण्याचा आहे, आणि तपासणीची सुरुवात तारखांपासून होते. नोंदणीकृत वाहनधारकाला जबाबदार धरायचे असेल आणि काचेवर आधी चिठ्ठी लावलेली नसेल, तर गाडी लावल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजून चौदा दिवसांच्या आत नोटीस त्याच्या घरी पोहोचली पाहिजे. नुसती छापून चालत नाही. पोस्टात टाकल्यापासून दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी ती पोहोचली, असे कायदा धरतो. म्हणजे १ तारखेला गाडी लावली असेल तर नोटीस १५ पर्यंत हातात हवी. १४ तारखेला टपालात पडलेली नोटीस १६ च्या आत पोहोचली असे धरता येत नाही. काचेवर चिठ्ठी लावलेली असेल तर वाहनधारकाला पत्र अठ्ठावीस दिवस उलटल्यावर आणि छप्पन दिवसांच्या आत यायला हवे. या मुदती चुकल्या तर कंपनी फक्त चालकाकडे जाऊ शकते, आणि चालक कोण होता हे खासगी कंपनीला सांगण्याचे कायदेशीर बंधन वाहनधारकावर नाही. २०२३ मध्ये काउंटी न्यायालयातल्या एका अपिलात स्पष्ट झाले की गाडी नावावर आहे एवढ्यावरून मालकच ती चालवत होता असे धरता येत नाही. तरीही अनेकजण घाईघाईने लिहिलेल्या पहिल्याच पत्रात ‘मी गाडी लावली आणि मला उशीर झाला’ असे लिहून आपल्या हातातला मुद्दा घालवतात. खोटे बोलू नये. पण विचारलेले नसताना कबुलीही देऊ नये. ‘वाहनधारक’ या नात्याने, वाहनधारकाच्या जबाबदारीपुरते उत्तर द्यावे. आणि नोटीस सर्व बाबतींत नियमानुसार असेल तर मुदतीचा मुद्दा आपल्या उपयोगाचा नाही, हेही प्रामाणिकपणे मान्य करावे.

यावर कोणी म्हणेल, तारखांवर बोट ठेवणे म्हणजे पळवाट शोधणे. हा आक्षेप वरवर नैतिक वाटतो, पण सौद्याचा एक भाग विसरल्याशिवाय तो करता येत नाही. दुसऱ्याने केलेल्या कराराचे पैसे तिसऱ्याकडून मागायचे, हा करार कायद्यातला मोठा अपवाद आहे. संसदेने तो अपवाद कंपन्यांना दिला तोच मुळी या अटींवर. नोटीस लवकर यावी, कारण चौदा दिवसांत माणसाला त्या दिवशीचे आठवते, पावती खिशात सापडते, बँकेच्या नोंदीवरून वेळ काढता येते; तीन महिन्यांनी आलेल्या आरोपाचा बचाव करणे निर्दोषालाही जमत नाही. हक्क हवा पण त्याची अट नको, असे म्हणणारा खरी पळवाट शोधत असतो.

तारखांनंतर फलक आणि पुरावा. शक्य तितक्या लवकर पुन्हा त्या जागी जाऊन, गाडीच्या आसनावर बसून चालकाला दिसतात तसे फलकांचे फोटो घ्यावेत. घटना रात्रीची असेल तर रात्री घ्यावेत. दुकानाची पावती, यंत्राचे तिकीट, बँकेची नोंद, दोनदा गेल्याचा पुरावा जपून ठेवावा. दुकानाचे ग्राहक असाल तर आधी दुकानाच्या व्यवस्थापकाकडे जावे; कंपनी त्याच्याच जागेवर काम करत असते आणि नोटीस मागे घ्यायला सांगणे बऱ्याचदा त्याच्या हातात असते. दारासमोर सामान उतरवताना मिळालेल्या नोटिशीबाबत २०१६ मध्ये ऑक्सफर्डच्या काउंटी न्यायालयाने अपिलात ठरवले की सामान उतरवण्यापुरते थांबणे म्हणजे पार्किंग नव्हे. व्यवसाय संघटनांच्या स्वतःच्या आचारसंहितेतही चालकाच्या बाजूच्या गोष्टी आहेत: वेळ संपल्यावर निदान दहा मिनिटांची सवलत आणि नंबर टाकताना झालेली किरकोळ चूक माफ करण्याची तरतूद. कंपनीकडे अठ्ठावीस दिवसांत लेखी हरकत घ्यावी. तिने फेटाळली तर ब्रिटिश पार्किंग असोसिएशनच्या सदस्यांसाठी ‘पोप्ला’ आणि दुसऱ्या संघटनेच्या सदस्यांसाठी ‘आयएएस’ हे अपील मंच आहेत. पोप्लाचा निकाल कंपनीवर बंधनकारक असतो, चालकावर नाही. तिथे हरलात तरी न्यायालयात बाजू मांडण्याचा हक्क शाबूत राहतो.

दुसऱ्या टोकाचा सल्लाही तितकाच घातक आहे: ‘कचऱ्याच्या टोपलीत टाका, खासगी कंपनी काय करणार?’ २०१२ पूर्वीच्या जगात याला काही अर्थ होता, आज नाही. कंपनी दिवाणी दावा लावू शकते आणि लावते. वसुली संस्थांच्या लाल अक्षरांतल्या पत्रांना घाबरू नये. त्यांना घरात शिरण्याचा किंवा वस्तू उचलण्याचा कोणताही अधिकार नसतो. पण दाव्यापूर्वीचे पत्र आणि काउंटी न्यायालयाचा दाव्याचा फॉर्म ही वेगळी कागदपत्रे आहेत. फॉर्म मिळाल्यावर चौदा दिवसांत पोच दिली की बचाव मांडायला एकूण अठ्ठावीस दिवस मिळतात. गप्प बसलात तर कंपनीचे म्हणणे न तपासताच तुमच्याविरुद्ध निकाल लागतो, आणि महिन्याभरात पैसे न भरल्यास तो सहा वर्षे पतनोंदीत राहतो. भाड्याचे घर, गृहकर्ज, मोबाइलचा करार, सगळीकडे तो आडवा येतो. नोकरीसाठी स्लाऊहून रेडिंगला, रेडिंगहून मँचेस्टरला घर बदलणाऱ्या कुटुंबांनी म्हणूनच गाडीच्या नोंदणीपुस्तकावरचा पत्ता तातडीने बदलावा. जुन्या पत्त्यावर पडलेल्या पाकिटांतून कधी निकाल लागून जातो, हे कर्जाचा अर्ज नाकारला जाईपर्यंत कळतही नाही.

उरतो तो सर्वांत व्यवहारी आक्षेप: साठ पौंडांसाठी एवढा खटाटोप कशाला? भीक नको पण कुत्रा आवर म्हणून माणूस पैसे भरून मोकळा होतो. एका माणसाच्या हिशेबात हे बरोबरही असेल. पण चौदा दिवसांची सवलत बरोबर याच हिशेबावर बेतलेली आहे: विचार करायला लावणारी रक्कम शंभर, विचार न करता भरण्याची साठ. आणि सरकार हे प्रकरण मिटवेल म्हणून वाट पाहत बसणेही परवडणारे नाही. संसदेने २०१९ मध्ये सरकारी आचारसंहितेचा कायदा केला. फेब्रुवारी २०२२ मध्ये संहिता प्रसिद्ध झाली. लंडनबाहेर बहुतेक चुकांसाठी कमाल ५० पौंड आणि वसुलीच्या जादा आकारावर बंदी, अशी तिची मुख्य कलमे होती. कंपन्यांनी न्यायालयात आव्हान दिले आणि काही महिन्यांत ती मागे घेतली गेली. ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाली ती व्यवसाय संघटनांनी स्वतः लिहिलेली संहिता, जिच्यात कमाल रक्कम १०० पौंड आहे आणि वसुलीचे ७० पौंड वर लावता येतात. सरकारने जुलै २०२५ मध्ये पुन्हा लोकांची मते मागवली. कायदा झाल्यापासून सहा वर्षे उलटून गेली होती.

या सहा वर्षांत कंपनीकडे पुरावा मागणारा फक्त एकच होता: नोटीस मिळालेला माणूस. न भांडता भरलेला प्रत्येक साठचा आकडा कंपनीला सांगतो की आरोप तपासण्याची गरज नाही. तारीख मोजून, फलकाचा फोटो जोडून आणि मुदतीत लिहून पाठवलेली हरकत तिला तो तपासायला भाग पाडते. चूक आपली असेल तर पैसे भरावेत. ती चूक दाखवून देण्याचे काम मात्र मागणी करणाऱ्याचेच आहे.